एक जूनचा गवई

चोपडे, १२ जून २०२३

यशवंता,

नमस्कार लिहू की नको यात अर्धी सकाळ गेली, तेव्हा तो लिहिला आहे असं समज. फोन तू उचलत नाहीस. तीनदा केला. चौथ्यांदा तुझ्या सुनेने, रेश्माने, उचलला आणि 'बाबा न्हातत' म्हणाली. दुपारचे तीन वाजले होते. एवढा स्वच्छ तू कधीपासून झालास?

म्हणून पत्र. हल्ली पत्र कोणी लिहीत नाही, पण माझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा विश्वास उडालाय. एक जूनपासून आपल्या भजन मंडळाच्या ग्रुपवर तुझ्या नावाने सत्तावीस केक येऊन पडलेत. हलणारे गुलाब, चमचमणारे फुगे, हात जोडणारी मांजरं. त्यातल्या एकाही माणसाने तू मधूनच उठून का गेलास, एवढं विचारलं नाही. मला त्या गुलाबांची किळस येते.

मीही कुठे विचारतोय म्हणा. मी सांगतोय.

झालं ते एवढंच. गुरुवार होता. भजनाची पहिली फेरी संपली, मी उभा राहिलो, माइक घेतला आणि तुझ्या वाढदिवसाच्या चार ओळी वाचल्या. बावीस वर्षं हे चाललंय. मंडळात ज्याचा वाढदिवस त्याच्यावर चार ओळी, मग तो गवई असो, पेटीवाला असो की चाली बांधणारा. महिनाभर कोणाचाच नसेल तर एखाद्या गेलेल्या थोर गवयाचा काढतो. लोक हसतात, ज्याच्यावर कविता तोही हसतो, मग चहा आणि वडे. तू हसला नाहीस. टाळ खाली ठेवलेस, चपला घातल्यास आणि स्कूटरला किक मारून शिरगावला निघून गेलास. दुसऱ्या फेरीला गायला कोणी नव्हतं.

आपला नारायण बघ. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यभर चाली बांधल्या. त्याच्यावर मी काय वाचलं होतं, आठवतं ना?

नारायणाची पेटी जुनी, नारायणही जुना,
दोघांनाही दम लागतो, दोष द्यावा कुणा?
पंचाहत्तर झाली तरी चाल नवी बांधतो,
जुनीच चाल उसवून उलट करून सांधतो.

नारायण एवढा हसला की त्याला खरंच दम लागला. आणि डिचोलीहून येणाऱ्या कमलाक्षीबाई?

कमलाक्षीबाईंचा सूर चढला, आला नाही खाली,
शोधत बसली सारी मंडळी, आरती तेवढ्यात झाली.

त्यांनी तर हा कागद मागून घेतला आणि घरी फ्रेम केला. बाईमाणूस असून.

तुझ्या ओळींत होतं काय? एक जून होती. सिंधुदुर्गातून इकडे खाणीवर आलेल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून, कारण शाळेत घालताना मास्तराने ती ठोकून दिलेली. आमच्याकडे गोव्यात तसं नाही. पोर्तुगिजांच्या काळापासून पोर जन्मलं की वहीत नोंद. मी पेडण्याला जन्म-मृत्यूच्या नोंदीच्या खिडकीमागे पस्तीस वर्षं बसलो. मला एक जून दिसली की हसू येतं. तुझ्या आईविषयी एक ओळ होती, ती यमकासाठी होती. तुझ्या आईचं काय झालं ते मला कसं ठाऊक असणार?

येत्या गुरुवारी ये. तुझ्या जागी तो नवा पोरगा साईश गायला बसतो आणि मांडीवर मोबाइल ठेवून शब्द वाचतो. बघवत नाही.

तुझा
गोकुळदास


चोपडे, १९ जुलै २०२३

यशवंता,

तू आला नाहीस. मी हे पत्र तुला बोलवायला लिहीत नाही, तर एक बातमी सांगायला.

आपला नवा अध्यक्ष गौरेश, तोच तो, मोरजीच्या हॉटेलांना चादरी आणि टॉवेल पुरवतो, घरी येऊन गेला. माझ्या सगळ्या वाढदिवसाच्या कवितांचं पुस्तक काढायचं म्हणतो. दोनशे दहा कविता. कागद गुळगुळीत, मुखपृष्ठावर माझा फोटो आणि मागे वीणा. वीणेला मी आयुष्यात हात लावलेला नाही, हे सांगितलं तर म्हणाला, लावायची गरज नाही. आणि पहिल्या पानावर तुझी कविता. तू उठून गेलास त्याचा कोणीतरी व्हिडिओ केला होता. तो नऊ हजार लोकांनी पाहिला.

"काका, लोक पोट धरून हांसले," गौरेश म्हणाला. "आनी कितें जाय?"

मलाही आणखी काय हवं होतं? मी हो म्हटलं.

लगेच म्हटलं. चहा गार व्हायच्या आत. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा गुदगुल्या झाल्या. सहासष्टाव्या वर्षी माणसाला पुस्तक निघतंय म्हटल्यावर काय होतं ते तुला कळणार नाही. तुला लोक नुसतं 'गा' म्हणतात आणि तुझं काम होतं.

सुमंगला आत पोळे करत होती. गौरेश गेल्यावर तिने माझ्यासमोर बशी ठेवली आणि न बोलता परत गेली. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, ही बाई न बोलता कधी गेलेली मला आठवत नाही. मी मागोमाग जाऊन विचारलं, तुला आनंद नाही झाला? ती म्हणाली, "त्या दिसा हांवूय हांसलें. तुमची कविता न्हय, म्हजें हांसप म्हाका शिसारी हाडटा."

स्वतःच्याच हसण्याची शिसारी येते, एवढं बोलून ती जनेल लावायला गेली. पाऊस आत येत होता.

मागच्या गुरुवारी नारायणाचा शहात्तरावा झाला. मी कविता केली नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तर नव्या पोरांनी केक आणला. कापून झाल्यावर त्याचा मलिदा नारायणाच्या तोंडाला फासला, तपकीर ओढणाऱ्या त्या नाकात, मिशांत, कानांत. म्हातारा डोळे मिटून उभा होता आणि सगळे मोबाइल उंच धरून त्याला हसायला सांगत होते. तो हसला. नारायण सगळ्यालाच हसतो, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या कवितेलाही तसाच हसत असेल.

वडा न खाता घरी आलो.

रेश्मा म्हापशाच्या बाजारात सुमंगलाला भेटली होती. म्हणाली, बाबा घरातही गात नाहीत. सकाळी देवासमोर जे पुटपुटायचे तेही नाही. खरं का हे?

गोकुळदास


चोपडे, ८ ऑक्टोबर २०२३

यशवंता,

काल पितृपक्षातली नवमी झाली.

तीस वर्षं मी नवमीला तुझ्याकडे जेवलो. तू आईच्या नावाने पान वाढायचास, मी ओटीवर बसून कावळ्याची वाट बघायचो आणि तो लवकर आला नाही की तुला चिडवायचो. नवमी सवाष्ण गेलेल्या बायकांची. ज्या बाईची तिथी घरात कोणाला ठाऊक नाही, तिलाही तिथेच बसवतात. हे मला तूच सांगितलं होतंस.

म्हणजे मला ठाऊक होतं.

जूनच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते नुसतं लिहिलं नाही, ते खरं वाटावं म्हणून वर प्रश्नचिन्ह घातलं. आता नीट लिहितो. शहाण्णव सालच्या मार्चमध्ये तू मला ट्रकमध्ये घेतलं होतंस. खाणीवरून माल भरून जेटीकडे निघाला होतास, तिथून बार्ज मुरगावला जायचं. पुढे शंभर ट्रक, मागे शंभर ट्रक, काचेवर लाल धूळ, आणि आपण दोन तास एका जागी. तू गात होतास. मधेच थांबलास आणि काही कारण नसताना म्हणालास, "माझी आवस माका जन्म देवन गेली. खंयच्या दिसा, ता सांगूक कोण उरूक नाय." वडील तुला काकांकडे टाकून मुरगावच्या गोदीत गेले ते परत आले नाहीत. काका खाणीवर लागले आणि तुला घेऊन शिरगावला आले. मास्तराने एक जून लिहिली ती तुला बरी वाटायची, असं म्हणालास, कारण तिच्यात कोणी मेलं नव्हतं.

मी ते विसरलो नाही. सत्तावीस वर्षांनी त्याचं काय केलं बघ. चारही ओळी लिहितो. मी त्या मोठ्याने वाचू शकलो, तर लिहायला काय जातंय?

एक जूनला जन्मा आला यशवंत हा गवई,
आईला ना पत्ता त्याचा, मास्तर झाला दाई!
हजेरीच्या पटावरती नाळ कापली शाईने,
पाळण्यातही घातले नाही ज्याला सख्ख्या आईने.

हे सुचलं तेव्हा मी घरात एकटाच टाळी वाजवली होती. शाईने, आईने. असं यमक वर्षातून एकदा पडतं. ते कागदावर उतरल्यावर मला तुझा ट्रक आठवला. खरंच आठवला, यशवंता. मी पेन खाली ठेवलं. मग विचार केला, तो कुठे एवढं मनाला लावून घेतो, आणि पेन परत उचललं.

एवढंच असतं तरी मी माफी मागितली असती. पण आणखी आहे. मे महिन्यात तू चोपड्याच्या देवळात गायलास, आठवतं? त्या दिवशी माझी कविता ठरलेली होती. तू संपवलंस आणि कोणी उठेना. बायका डोळे पुसत होत्या. माझा कागद खिशातच राहिला, कोणाला आठवणही झाली नाही. मी घरी येताना तुझ्यावर जळत होतो. पंधरा दिवसांनी एक जून होती.

आता तुला सगळं ठाऊक झालं. माझी मलाच घाण वाटते, आणि ती धुवायला मी तुझ्या दाराशी आलोय हे त्याहून घाण. उत्तर देऊ नकोस.

गोकुळदास


चोपडे, ३ जानेवारी २०२४

यशवंता,

पुस्तक निघणार नाही.

आधी गौरेशला म्हटलं, फक्त पहिली कविता काढ. तो म्हणाला, तीच तर खपणार आहे. मग मी सगळ्या कवितांच्या वह्या उचलल्या आणि घरी आणल्या. तो चिडला नाही, हेच मला जास्त लागलं. म्हणाला, काही हरकत नाही काका, आता मोबाइलमध्ये नाव आणि वय घातलं की कविता मिळते. त्याने माझ्यासमोर माझीच करून दाखवली. त्यात मी हसतमुख होतो, दिलदार होतो आणि शतायुषी होणार होतो. माझ्या चार ओळींहून ती बरी होती. तिने कोणाला दुखवलं नव्हतं.

ग्रुप सोडला. 'गोकुळदास बाहेर पडले' असं तिथे आलं, त्याच्याखाली लगेच कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. सुमंगलाने मला तो दाखवला आणि बऱ्याच महिन्यांनी मोठ्याने हसली. मलाही हसू आलं.

गुरुवार आता रिकामा असतो. सकाळी पदेर पाव टाकून जातो, मी चहा घेतो, आणि मग काय करायचं ते कळत नाही. वह्या काढून बसलो होतो. दोनशे दहा वाढदिवस. त्यातले एकशे साठ एका साच्यातले आहेत. दमा, टक्कल, बायको, विसरभोळेपणा, चढलेला सूर. बावीस वर्षं मी लोकांना त्यांचं म्हातारपण यमकात बांधून दिलं आणि त्यावर वडे खाल्ले. चांगल्या म्हणाव्या अशा सहा-सात निघतील. त्यात तुझी एक आहे. म्हणूनच ती मला सहन होत नाही.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पस्तीस वर्षं माझ्या खिडकीशी लोक यायचे. नातू शाळेत घालायचाय, पासपोर्ट काढायचाय, जन्माचा दाखला द्या. नोंद सापडत नाही म्हणून मी कोणाला सहसा परत पाठवलं नाही. आजूबाजूची वर्षं बघायचो, चुकलेली नावं बघायचो, म्हाताऱ्या शेजाऱ्यांना बोलवायला सांगायचो. काहीतरी सापडायचंच. तुझं कधी शोधलं नाही. तू मागितलं नाहीस, हे खरं. पण मी तुझ्या एक जूनला हसत बसलो आणि शोधलं नाही.

थंडी आहे. नदीवर सकाळी धुकं असतं. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

गोकुळदास


चोपडे, २२ एप्रिल २०२४

यशवंता,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. आधीची फाडली असलीस तरी हे फाडू नकोस. यात माझं काही नाही.

मी तुझ्या गावी जाऊन आलो. तीन वेळा गेलो. म्हापशाहून दोडामार्गची बस, पुढे मिळेल ते वाहन. तुला न विचारता गेलो, हे चुकलं असेल तर ही चूक त्या चुकीत घाल.

पहिल्यांदा शाळेत गेलो. जुना दाखलेपट आहे, वाळवीने कडा खाल्लेल्या, पण तुझं पान शाबूत आहे. यशवंत, १-६-५८. त्याच पानावर आणखी अकरा पोरं, सगळी एक जूनची. मला हसू आलं नाही. दुसऱ्यांदा ग्रामपंचायतीत गेलो, तिथे तेवढं जुनं काहीच नाही. तिसऱ्यांदा दुकानात बसलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं की तुमच्या घराला लागून ज्यांचं घर होतं, त्यांची मुलगी रुक्मिणी अजून आहे. नवरा वारला तेव्हा माहेरी परत आली ती इथेच राहिली. वय शहात्तर-सत्याहत्तर. काजू सोलत बसली होती. कान शाबूत, दात नाहीत.

तुझं नाव सांगितलं तर म्हणाली, तो गाणारा? मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं तो गातो? ती म्हणाली, तो जन्मला तेव्हाच सगळ्या वाडीला कळलं होतं.

ती तेव्हा अकरा वर्षांची होती. तिचा बाप लईराई देवीचा धोंड. शिरगावच्या जत्रेला दर वर्षी जायचा, व्रत पाळून, हातात वेताची काठी घेऊन, आणि निखाऱ्यांवरून चालून यायचा. ती काय बोलली ते तिच्याच शब्दांत लिहितो. विसरू नये म्हणून बसमध्ये बसल्या बसल्या लिहून काढलं होतं.

"माझो बापूस जत्रेसून सकाळी घराक इलो, काठी भिंतीक टेकल्यान, आणि शेजारसून पोराचो टाहो आयकाक इलो. बापूस थंयच उभो रवलो. म्हणालो, ह्या पोराक देवीन गळो दिल्यान."

जत्रा वैशाख शुद्ध पंचमीची. दुसऱ्या दिवशी सकाळ, म्हणजे षष्ठी. तुझा जन्म वैशाख शुद्ध षष्ठीचा आहे, यशवंता. यात शंका नाही. मी तिला तीन वेगळ्या वाटांनी विचारलं, जसं खिडकीशी विचारायचो. काजू उतरले होते का, विहिरीला पाणी किती होतं, कोणाचं लग्न होतं का. सगळं जुळतं.

दर वर्षी त्या दिवशी तुझ्या दारावरून धोंड परत जातात. तू त्यांना पाणी देतोस.

आता दुसरं. तुझी आई तुला जन्म देताना गेली नाही. ती चार दिवस होती.

घरच्यांनी तुला असं का सांगितलं ते रुक्मिणीला ठाऊक नाही. कदाचित सांगायला सोपं म्हणून. तुझे वडील गाव सोडून गेल्यावर त्या चार दिवसांचं बोलायला कोणी राहिलं नसेल. पण रुक्मिणी रोज जायची. तिला पेज घेऊन पाठवायचे. ती म्हणाली, "पाळणो नव्हतो गो बाई घरात. पण तिणां पोराक मांडयेरसून खाली ठेवक नाय. चार दिस. माझी आवस म्हणा, दी माझ्याकडे, जरा नीज. तर ती म्हणा, ह्याका आयकूक माका वेळ कमी पडता."

मला 'गो बाई' म्हणाली. मी बाजूला बसलोय हे ती विसरली होती.

चौथ्या दिवशी संध्याकाळपासून ताप चढला. ती गेली ती दशमीला. वैशाख शुद्ध दशमी.

मी बसमध्ये बसलो, वही काढली, हे सगळं लिहिलं. आणि डिचोली यायच्या आत माझ्या डोक्यात दोन ओळी तयार झाल्या. षष्ठीचा जन्म, देवीचा गळा, यमकासकट. मी स्वतःच्या तोंडात मारून घेतल्यासारखा बसलो. बाजूचा माणूस विचारत होता, बरं वाटत नाही का? वही मिटून पिशवीत टाकली. त्या दोन ओळी लिहिलेल्या नाहीत. पण त्या आल्या होत्या, हे तुला सांगायला हवं. मी असाच आहे.

तारीख तुझी आहे. तिचं काय करायचं ते तू ठरव. मंडळाला मी सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. नाहीतर गौरेश केक आणील.

गोकुळदास


शिरगाव, २ मे २०२४

गोकुळदास,

मी चौथी शिकलेलो. बोलतंय तसाच लिवतंय. रेश्मा लिवन देय होती, मी नको म्हटलंय.

तुझी सगळी पत्रां माझ्याकडे आसत. फाडूक नाय. पयलां पत्र फाडूचा होता, पण त्यात नारायणाची कविता होती. ती बरी आसा.

वाढदिवस माका नको. सासष्ट वर्सां नाय झालो, आता करून काय करूचा? पण तू माका आवशीची तीथ दिलंस. आजपर्यंत तिका नवमीक सगळ्यांच्या पंगतीत बसयलंय. आता दशमीक तिका तिचा पान वाढतलंय. भटाक सांगून इलंय.

भटान विचारल्यान, नाव काय. घरात तिका सगळी 'यशवंताची आवस' म्हणत. काका-काकी गेली, तेंका मी कधी विचारूक नाय. नवमीक भट 'गंगा' म्हणा, नाव गावना नाय तर असाच म्हणतत. इतकी वर्सां मी दुसऱ्याच बायच्या नावान पाणी सोडलंय.

तू काजू विचारलंस, विहिरीचा पाणी विचारलंस. पस्तीस वर्सां नावां लिवलंस, आणि माझ्या आवशीचा नाव विचारूक नाय. सहा पानां लिवलंस, खंयच तिचा नाव नाय.

विचारून कळय. दशमीच्या आदी.

तू येव नको. औंदा नको.

यशवंत


चोपडे, ९ मे २०२४

यशवंता,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी बस पकडली.

तू लिहिलंस ते खरं आहे. रस्ताभर मी त्याचाच विचार केला. मला तारीख सापडल्याचा एवढा आनंद झाला होता की ती बाई मला दिसलीच नाही. नोंद सापडली की मी फाइल मिटायचो, तसं झालं. हुशारी दाखवायला गेलो आणि मुख्य रकाना कोरा ठेवून आलो. जूनमध्ये तुझ्या आईवर ओळ लिहिली तेव्हाही मला तिचं नाव माहीत नव्हतं. ते असतं तर ती ओळ लिहिता आली असती का, ठाऊक नाही. कदाचित आली असती.

रुक्मिणी अंगणात होती. मी ओटीवर बसलो आणि या वेळी दुसरं काही विचारलं नाही. ती काजू सोलत राहिली. मला वाटलं, विसरली. मग म्हणाली की विसरली नाही, पण हे नाव तिने तोंडातून काढल्याला सहासष्ट वर्षं झाली, म्हणून जरा थांबली. मोठी माणसं मेलेल्या बाळंतिणीचं नाव घेऊ देत नसत. पोरींनी तर नाहीच.

मग तिने ते दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. माहेरचं नाव, वय आणि ती शेवटची सकाळ तिने न विचारताच सांगितली.

दशमीला मी येणार नाही. सुमंगला विचारत होती, ती येऊ का म्हणून. मी म्हटलं, तूच यशवंताला विचार. ती फोन करील, तेव्हा न्हायला जाऊ नकोस.

भटाला हा कागद दे. माझ्या अक्षराला नावं ठेवायला जागा नाही, तो वाचील. नोंदीत जसं लिहायचो तसं लिहिलंय, मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने लिहिता येत नाही. सासरचं नाव विधीत घेतात, माहेरचं घेत नाहीत, पण तुला दोन्ही असावीत.

सासरचं नाव भागीरथी. माहेरचं नाव सुंदरा. जन्म दिलेलं मूल एक, मुलगा, हयात. मृत्यू वैशाख शुद्ध दशमी, सूर्योदयानंतर. मृत्यूसमयी मूल मांडीवर. वय एकोणीस.